बरगंडी, व्हाया मोखाडा

फ्रान्समध्ये सायकल चालवून आलेल्या माणसाशी मैत्री ठेवू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. अमेरिका पाहून आलेला माणूस सहा महिन्यांत निवळतो. काशीहून आलेले तर गंगाजळ वाटलं की मोकळे. सायकलने फ्रान्स पाहिलेला माणूस मात्र दर रविवारी सकाळी नव्याने परत येतो. आमच्या भांडुपच्या सायकल मंडळात असे एक गृहस्थ आहेत. बरगंडी प्रांतातल्या द्राक्षमळ्यांतून सायकल हाकून आल्यापासून त्यांचं मूळ आडनाव सगळे विसरले. त्यांना आता बरगंडीकर म्हणतात, आणि त्यांची त्याला हरकत दिसत नाही.

बरगंडीकरांचं सगळं कीर्तन एकाच अभंगावर चालतं : शांतता. "अहो, तासभर एक गाडी नाही! दोन्ही बाजूंना द्राक्षं, मध्ये रस्ता, आणि रस्त्यावर मी." मागून गाडी आलीच तर ड्रायव्हर गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवूनच पुढे जातो, तसा तिथे कायदा आहे. (अंतर आपल्याकडेही ठेवतात. ते बोटांत मोजावं लागतं, इतकंच.) शिवाय जिव्री ते क्लूनी अशी एक जुनी रेल्वेलाइन होती. तिचे रूळ काढून त्यांनी तिथे 1997 साली फक्त सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी गुळगुळीत वाट करून दिली. हे सांगताना बरगंडीकरांचा आवाज कापरा होतो. आपल्याकडे रूळ उखडून सायकलींना रस्ता देतो म्हणणारा खासदार अनामत रक्कमही वाचवू शकणार नाही, हे त्यांना मान्य नाही.

मी एकदा विचारलं, "पण गावातली माणसं कुठे असतात?"

"असतील कुठेतरी," ते म्हणाले. "आम्ही दुपारी दोनला एका गावात शिरलो. बेकरी बंद, चर्च बंद, खिडक्या बंद. एक मांजर होतं. काय सुख सांगू!"

त्या सुखामागचं कारण काही गूढ नाही. फ्रान्समधली खेडी गेल्या शतकात ओस पडत गेली. पोरं लियाँला, पॅरिसला गेली, मोटारी आल्या, आडरानातल्या आगगाडीला उतारू मिळेनात. गाडी बंद पडली म्हणून रूळ निघाले आणि रूळ निघाले म्हणून बरगंडीकरांना शांतता लाभली. पण कीर्तनकाराला मध्येच शंका विचारायची पद्धत नसते.

तर हे बरगंडीकर एका रविवारी मोबाइलवर नकाशा घेऊन आले आणि म्हणाले, "जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, नाशिक. डोंगर आहे, वळणं आहेत, वाहतूक नाही, आणि शेवटी वाइन आहे. हुबेहूब बरगंडी!" शेवटच्या मुद्द्यात तथ्य होतं. 1999 साली नाशिकला सुला सुरू झाली आणि बघता बघता गंगापूर धरणाच्या आसपास शनिवार-रविवारी मुंबईच्या नंबरप्लेटांची जत्रा भरू लागली. पुढे दिंडोरीला खुद्द फ्रान्सची शांदों येऊन बसली. सायकल चालवत जाऊन द्राक्षाच्या मळ्यात ग्लास हातात घ्यायचा, ही बरगंडीकरांची मुक्तीची कल्पना. मंडळातल्या दंतवैद्य डॉक्टरांनी लगेच होकार दिला. दाढा काढून काढून त्यांना कुठल्याही निमित्ताने घराबाहेर पडायचं असतं.

सायकल चालवायला जाण्याची आधुनिक पद्धत अशी, की सायकल प्रथम मोटारीच्या टपावर बांधायची. तशा बांधून, मनोर आणि विक्रमगड मागे टाकून आम्ही जव्हारला मुक्कामी पोचलो. होळी नुकतीच होऊन गेली होती.

जव्हारला पूर्वी ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणत. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे महाबळेश्वरही कागदोपत्री तिकडे वर्ग झालं. गाव मात्र कुणाची उपमा घ्यावी असं नाही. मुकणे घराण्याचं हे जुनं संस्थान, महादेव कोळ्यांचं राज्य. 1918 सालापासून नगरपालिका आहे आणि जयविलास नावाचा राजवाडा आहे. शिरपामाळावर शिवाजी महाराज 1664 च्या सुरत स्वारीच्या वेळी थांबले होते, जव्हारच्या राजांची आणि त्यांची भेट झाली होती, असं सांगतात. बरगंडीकरांनी तिथे उभं राहून समोरच्या दऱ्यांकडे पाहिलं आणि महाराजांनी कुठला मार्ग धरला असेल यावर भाषण सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, "मार्ग कुठला का असेना, त्यांनी घोडा धरला होता."

डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्या दिवशी पहाटे पटलं. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे आपण वरच आहोत, आता काय ते उतरायचं, असा गैरसमज सहज होतो. इथला रस्ता डोंगरावर चढत नाही आणि उतरतही नाही. तो दोन्ही एकदम करतो. उतारावर मिळवलेलं सगळं पुढच्या चढावर व्याजासकट द्यावं लागतं. मार्चमध्ये डोंगर करपून तपकिरी झालेले असतात, साग निष्पर्ण उभा असतो, आणि रस्त्याच्या कडेची मोजकी हिरवी झाडं आपल्याकडे दयेने बघत असतात. पण बरगंडीकरांचा शब्द खरा होता. गाडी नव्हती. एखादी एसटी गेली, मोटारसायकलवरून तिघे गेले, आणि मग नुसता वारा.

पहिला थांबा मोहाखाली झाला. मोह ज्यांनी बाटलीतच पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो : झाडाची पानं झडलेली असतात आणि रात्रभर टपटप फुलं पडत असतात. फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या असलं नाजूक प्रकरण नव्हे. फिकट पिवळसर, गरगरीत, रसाने भरलेली बोंडं. बोटांत धरली तर चिकटतात. खालची जमीन आधी झाडून किंवा पालापाचोळा जाळून साफ केलेली असते, म्हणजे पहाटे वेचताना फूल आणि काटकी वेगळी करत बसावं लागत नाही. एक बाई आणि तिची लहान मुलगी टोपल्या घेऊन वेचत होत्या. दोघींचे हात एवढे चटचट चालले होते की डॉक्टर आपल्या हाताकडे बघू लागले.

बरगंडीकरांनी एक फूल उचललं. डोळे मिटले. नाकाशी नेऊन हळूच फिरवलं. "मध आहे," ते म्हणाले. "मागे थोडा ओल्या गवताचा सुगंध. आणि अगदी शेवटी… शेवटी…"

"वास काय घेता, दादा," बाई म्हणाली. "खा."

त्यांनी खाल्लं. गोड लागलं, आणि लगोलग घशात किंचित खवखवलं. त्यावर काय म्हणायचं हे त्यांना बरगंडीत शिकवलेलं नव्हतं. ही फुलं वाळवली की रंगारूपाने मनुकांसारखी होतात. ती भाजून, शिजवून खातात आणि भाकरीच्या पिठातही घालतात. पुढे त्याच झाडाची फळं येतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. दारू हा या झाडाचा एक उद्योग आहे, एकुलता एक नव्हे. शहरात मात्र मोह म्हटलं की लोक डोळा मारतात.

या फुलांचं आणि फ्रान्सचं खरोखरच नातं आहे, आणि ते सांगण्याची संधी मी अर्थातच सोडली नाही. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या एका यःकश्चित किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. दारू गाळायला काहीतरी तर हवं. त्या काळात मुंबई बंदरातून मोहाची वाळलेली फुलं बोटीत भरून फ्रान्सला जात होती. म्हणजे ज्याला साहेब इथे रानटी पेय म्हणत होता, त्याचाच कच्चा माल तिकडे फ्रेंच लेबल लावून चवीने रिचवला जात असणार.

"बरगंडीत नसेल झालं," बरगंडीकर म्हणाले. "बोटी मार्सेयला लागतात."

कायद्याची गंमत तर याहून मोठी. फ्रान्सने 1935 साली कायदा करून कुठल्या गावच्या द्राक्षाची वाइन कुठल्या नावाने विकायची ते ठरवून दिलं. कशासाठी, तर गावाचं नाव आणि शेतकऱ्याचा माल सांभाळावा म्हणून. मुंबई सरकारनेही कायदा केला, 1892 साली, खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. कशासाठी, तर तिथल्या माणसाने मोहाची फुलं घरात साठवू नयेत म्हणून. घरी गाळली तर सरकारी परवान्याच्या दुकानातली कोण घेणार? तिथे पोलीस द्राक्षावर पहारा करत होते, इथे मोह वेचणाऱ्यावर. राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले 2021 मध्ये. एवढ्या अवधीत बरगंडीतली एखादी बाटली मुरून, विकून, पिऊन, तिच्यावर तीन पुस्तकंही लिहून झाली असती.

पुढच्या चढावर शाळेच्या मुली भेटल्या. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशा सायकली. पुढे टोपली, मागे कॅरियर, वजनाला म्हशीच्या वासराएवढी. चढ आला तशा त्या शहाण्यासारख्या उतरल्या आणि सायकल हातात धरून चालू लागल्या. आम्ही उतरलो नाही. आमच्या सायकलींना इतके गिअर आहेत की उतरणं हा कंपनीचा अपमान ठरला असता. सगळ्यात हलका गिअर टाकून मी जीव खाऊन पायडल मारत होतो, आणि माझा वेग त्यांच्या चालण्याच्या वेगाशी तंतोतंत जुळला. असा प्रवास फार लांबतो. त्या माझ्या शेजारून आरामात चालत, परीक्षेबद्दल बोलत होत्या. मध्येच एकीने विचारलं, "काका, ही कितीला?"

मी किंमत निम्म्याने कमी करून सांगितली.

तिने माझ्या सायकलला आपादमस्तक न्याहाळलं. "हिला स्टँड नाही?"

"नाही."

"कॅरियर?"

"नाही."

"घंटी?"

मला बोलायला श्वास उरला नव्हता, म्हणून मान हलवली. ती मैत्रिणीला म्हणाली, "काकांना फसवलं गं दुकानदारानं." चढ संपला, त्या टुणकन बसल्या आणि घंट्या वाजवत उतारावरून दिसेनाशा झाल्या.

मोखाड्याच्या थोडं अलीकडे बरगंडीकरांच्या मागच्या चाकाने प्राण सोडला. त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला, कारण त्यांच्याजवळ सगळी तयारी होती. नवी ट्यूब होती, प्लास्टिकची पट्टी होती आणि हवा भरायला गॅसचं इवलंसं नळकांडं होतं. ट्यूब त्यांनी बदलली. नळकांडं फोडलं. फुस्स आवाज झाला आणि आतला सगळा गॅस सह्याद्रीला अर्पण झाला. मग आम्ही त्यांना पायी घेऊन मोखाड्यात शिरलो.

मोटारसायकलींच्या गॅरेजात एक पंचविशीतला मुलगा होता. त्याने कॉम्प्रेसरची नळी आणली, सायकलचा व्हॉल्व्ह पाहिला आणि नळी बाजूला ठेवली. आमच्या सायकलींना असतो तो बारीक, लांबुडका व्हॉल्व्ह. त्याला फ्रेंच व्हॉल्व्ह असंच म्हणतात आणि मोटारसायकलचा पंप त्याला बसत नाही. "फ्रान्समध्ये प्रत्येक गावात…" बरगंडीकरांनी सुरुवात केली. मुलगा ऐकत नव्हता. त्याने व्हॉल्व्हचं प्लास्टिकचं टोपण काढलं, उलटसुलट करून पाहिलं. मग ब्लेड घेऊन टोपणाचं बंद टोक सफाईने कापलं. व्हॉल्व्हची वरची बारकी चकती फिरवून सैल केली, कापलेलं टोपण उलटं करून तिच्यावर बसवलं, आणि त्यावर कॉम्प्रेसरची नळी दाबली. बसली! असलं अॅडॉप्टर शहरातल्या सायकलच्या दुकानात पाकिटात घालून विकतात. हे टोपणातून निघालं आणि टाकून द्यायचं टोक फक्त वाया गेलं.

"किती भरू?"

"शंभर," बरगंडीकर म्हणाले.

त्याने एकदा अंगठ्याएवढ्या टायरकडे पाहिलं, एकदा बरगंडीकरांकडे. "शंभर ट्रकला भरतात."

"हिलाही शंभरच."

तो दोन पावलं मागे सरकला, हात लांब केला आणि तोंड फिरवून हवा भरली. पैसे किती विचारल्यावर दहा म्हणाला. बरगंडीकरांनी पन्नासची नोट पुढे केली, तर म्हणाला सुट्टे द्या.

शेजारच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आमच्या हेल्मेटांकडे आणि चकचकीत कपड्यांकडे बघून घेतलं. डॉक्टर उठून चालू लागल्यावर त्यांच्या चड्डीला मागे शिवलेली गादी दिसली, तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"शर्यत आहे का?"

"नाही बाबा."

"पैसे भेटतात?"

"नाही."

"मग कशापायी?"

या प्रश्नाला बरगंडीत उत्तर आहे, मोखाड्यात नाही. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात त्यांनाच उलगडा झाला. पुढे त्र्यंबकेश्वर. "नवस आहे होय!" डॉक्टरांनी प्रसंगावधान राखून मान डोलावली. त्या क्षणापासून आमचे कपडे, आमची चड्डी, आमचा घाम, सगळ्याला अर्थ आला. बाबांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि देवाला आपलाही नमस्कार सांगितला. तो आम्ही पोचवला. डॉक्टर अशा बाबतीत फार काटेकोर आहेत.

टपरीवालीने पाणी जपून, पेला अर्धाच भरून दिलं. हंडा लांबून आणलेला होता, आणि अजून एप्रिल-मे जायचा होता. पावसाळ्यात या डोंगरांवर आभाळ फाटतं. होळीनंतर टँकरची वाट बघायला लागते. मला माझी बाटली आठवली. भांडुपच्या घरून नळाचं पाणी भरून आणलं होतं आणि थोडं अजून उरलं होतं. आता मुंबईच्या नळाला येणारं पाणी कुठून येतं? मोडकसागर, तानसा, भातसा, वैतरणा. त्यातलं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. उंची 102 मीटर, मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर. म्हणजे माझ्या बाटलीतलं पाणी मोखाड्याहून निघालं, जलवाहिन्यांतून भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं, गाळून-धुऊन माझ्या नळाला उतरलं, आणि मी ते सायकलला अडकवून, चढ चढून, घामाघूम होऊन परत मोखाड्यात आणलं होतं. पाणीपुरवठ्याची एवढी लांब आणि एवढी बिनडोक योजना आजवर कुठल्याही खात्याने आखलेली नसेल. मी ते पाणी बाईच्या हंड्यात ओतलं नाही, कारण त्यात बरगंडीकरांनी संत्र्याच्या चवीची पावडर घातली होती.

त्यापुढचा रस्ता मी फारसा सांगत नाही. तोरंगण घाट चढताना माणूस निसर्ग बघत नाही, पुढच्या चाकासमोरची हातभर जमीन बघतो, आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं. वाटेत घरं लागत होती. बरीच बंद होती. दाराला कुलूप नाही तर नुसती कडी, अंगणात उलटी घातलेली खाट. "बघा," बरगंडीकर धापा टाकत म्हणाले, "बरगंडीसारखंच!" एका पडवीत एक आजी आणि तीन नातवंडं बसली होती. नातवंडांनी आम्हाला टाटा केला. आजीने केला नाही.

त्र्यंबकेश्वरला शांतता संपली. नारायण नागबळीच्या पाट्या, पार्किंगवाले आणि रिक्षा सुरू झाल्या. तिथून नाशिक 28 किलोमीटर, त्यात काही कष्ट नाहीत. नाशिककरांना सायकलवाल्यांचं नवल उरलेलं नाही. तिथल्या महाजन बंधूंनी 2015 साली सायकलवर अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवी कापली, तीही नऊ दिवसांच्या आत. त्यामुळे जव्हारहून आलो म्हटल्यावर एका चहावाल्याने "बरं" इतकंच म्हटलं.

आणि मग, उन्हं कलताना, तो क्षण आला. वाइनरीची कमान. कुठली ते सांगत नाही, कारण पुढचा प्रकार कुठेही झाला असता. आत दिवे लागले होते, गाणी चालू होती, आणि मोटारींची रांग गेटाबाहेर आली होती. बरगंडीकरांनी शर्टाची चेन गळ्यापर्यंत ओढली. सुरक्षारक्षकाने हात आडवा केला.

"सायकल आत नेता येत नाही, साहेब."

"अहो, आम्ही वाइन घ्यायला आलोय. जव्हारहून. सायकलवर!"

"पार्किंग टू-व्हीलर आणि फोर-व्हीलरचं आहे."

"हीसुद्धा टू-व्हीलरच आहे," डॉक्टर म्हणाले.

"हिला नंबर नाही. पावतीवर काय लिहू?"

बरगंडीकरांनी फ्रान्समध्ये वाइनरीच्या दारात सायकलींसाठी कसे लोखंडी कठडे असतात ते सांगायला घेतलं. रक्षकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "जव्हारहून म्हणजे मोखाड्यावरून आलात?"

"हो."

"मी मोखाड्याचाच. खोडाळ्याच्या बाजूचा. होळीला गेलो होतो चार दिवस." त्याने गेट थोडं लोटून घेतलं. "रस्ता कसा आहे आता?"

"एकदम शांत," बरगंडीकर म्हणाले. "काय सांगू तुम्हाला! माणूसच नाही हो रस्त्याला."

"नसणारच," तो म्हणाला. "सगळी इकडे आहेत. बायको खुडणीला आहे दिंडोरीकडे. भाऊ भिवंडीला, वीटभट्टीवर. पोरं आईकडे ठेवलीत." मागून एका मोटारीने हॉर्न दिला. त्याने तिला हातानेच थांबवलं, आणि आम्हाला भिंतीकडची एक जागा दाखवली. "त्या जनरेटरच्या मागे लावा तिन्ही. नवाच्या आत काढा पण, नवाला साहेब राउंडला येतात."